विहीर आटली नव्हती, बुजली होती

पाठ: उत्पत्ति, अध्याय २६, ओव्या १५ ते २२

मृगाचा पाऊस होऊन गेला आहे, काळ्या जमिनीला वाफसा आला आहे, बियाण्याच्या पिशव्या ओसरीवर येऊन पडल्या आहेत, आणि अशा सकाळीं जुना ट्रॅक्टर चार वेळां खोकून गप्प बसतो. ही स्थिति कशी असते हें शेतकरी बंधूंस आम्हीं सांगावें असें नाहीं. वाफसा कोणासाठीं थांबत नाहीं. दोन दिवस गेले कीं जमीन कठीण होते, किंवा दुसरा पाऊस येऊन चिखल होतो, आणि पेरणीची वेळ हातची जाते. मग घरांत कुरकुर सुरू होते. कोणी म्हणतो, "इंजिन संपलें." कोणी म्हणतो, "पंप गेला." कोणी म्हणतो, "हें धूड भंगारांत घाला आणि कर्ज काढून नवा आणा." जुना जालना येथें कुंडलिकेच्या कांठीं राहून बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, मंठा ह्या बाजूंच्या खेड्यांतून फिरतांना हे शब्द आमच्या कानीं वारंवार येतात.

प्रिय वाचकहो, आजच्या उपदेशांत आम्ही ट्रॅक्टरच्या टाकीपासून नोझलपर्यंत जाणाऱ्या डिझेलच्या वाटेचा विचार करणार आहों. हा विषय उपदेशाच्या जागीं कोणास विचित्र वाटेल. परंतु ज्या गोष्टीवर एका घराची वर्षाची भाकरी अवलंबून आहे, ती देवाच्या विचाराबाहेरची आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

आपल्या पाठांतील वृत्तांत असा आहे. अब्राहामाच्या दिवसांत त्याच्या चाकरांनीं विहिरी खणल्या होत्या. तो मरून गेल्यावर पलिष्टी लोकांनीं हेव्यानें त्या मातीनें भरून टाकिल्या. पुढें इसहाक गरारच्या खोऱ्यांत येऊन राहिला. त्यानें त्या भूमीस दोष दिला नाहीं, किंवा बापाच्या विहिरी निकामी झाल्या म्हणून सोडून दिल्या नाहींत. त्यानें माती काढविली, आणि बापानें ठेविलेलीं नांवेंच त्या विहिरींस पुन्हा दिलीं. पाणी खालीं होतेंच. त्याची वाट बंद झाली होती. विहीर आटणें आणि विहीर बुजणें ह्या दोन गोष्टी वरून पाहणाऱ्यास सारख्याच दिसतात, कारण दोहोंतही पोहरा कोरडा वर येतो. हा भेद न ओळखल्यामुळें किती घरें बुडालीं ह्याचा हिशोब कोणीं ठेविला आहे?

आपल्या जालन्याची भूमीही हीच साक्ष देते. जमशेदखानानें शहराच्या पश्चिमेस मोती तलाव बांधिला, आणि जमिनीखालून नळ घालून व हौद बांधून गांवांत पाणी आणिलें; त्यांतला सर्वांत मोठा हौद काळ्या मशिदीच्या चौकांत होता. निजामाच्या अमदानींत घाणेवाडीचा तलाव झाला. वर्षानुवर्षें त्यांत गाळ सांचत गेला, आणि तलाव तोच असतांना त्यांत मावणारें पाणी कमी कमी होत गेलें. २०१२-१३ च्या दुष्काळाच्या सुमारास शहरांतील लोक व शेतकरी पुढें आले आणि त्यांनीं तो गाळ उपसून शेतांत नेला. पाण्याच्या योजनेंत उगम चांगला असून भागत नाहीं. मधली वाटही मोकळी राहावी लागते. हेंच इंजिनाच्या बाबतींत खरें आहे.

आतां इंजिनाकडे येऊं. रूडोल्फ डिझेल नांवाच्या जर्मन गृहस्थानें १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें आपलें इंजिन चालवून दाखविलें. त्याची युक्ति अशी होती कीं, इंजिनांत ठिणगी पाडावयाचीच नाहीं. हवा इतकी दाबावयाची कीं ती दाबानेंच तापते, आणि त्या तापलेल्या हवेंत योग्य क्षणीं डिझेलचा बारीक फवारा सोडावयाचा. फवारा आपोआप पेटतो आणि दट्ट्याला खालीं ढकलतो. म्हणून ह्या इंजिनास तीन गोष्टी लागतात: दाबलेली हवा, स्वच्छ डिझेल, आणि नेमकी वेळ. आपल्या देशांत फरीदाबाद येथें १९५९ सालीं आयशरचा ट्रॅक्टर तयार झाला, १९७१ सालीं एच. एम. टी. चा, १९७४ सालीं पंजाबांत स्वराजचा. त्या जातीचे साधे ट्रॅक्टर आजही आपल्या शिवारांत राबत आहेत. त्यांत संगणक नाहीं कीं तारांचें जाळें नाहीं. पाना हातांत घेणाऱ्या धीराच्या मनुष्याला त्यांचें दुखणें शोधतां येतें. पुढें जें सांगतों तें ह्या जुन्या ट्रॅक्टरांविषयीं समजावें. अलीकडच्या संगणकावर चालणाऱ्या इंजिनांस तें लागू नाहीं.

डिझेलची वाट मनांत पक्की धरावी. टाकी, टाकीखालचा कॉक, पाणी व कचरा धरणारी वाटी, फीड पंप, एक किंवा दोन फिल्टर, मुख्य डिझेल पंप, तेथून प्रत्येक सिलिंडरकडे जाणारी जाड पोलादी नळी, आणि शेवटीं नोझल. नोझलांतून उरलेलें थोडें डिझेल बारीक नळीनें परत जातें. ह्या वाटेवर कोठेंही अडथळा आला, हवा शिरली किंवा पाणी शिरलें, तर लक्षण एकच दिसतें: इंजिन बंद. म्हणून शोधणाऱ्यानें शेवटाकडून आरंभ करूं नये. सर्वांत महाग भाग शेवटीं आहेत, आणि घाबरलेला मनुष्य प्रथम त्यांनाच हात घालतो.

पहिला नियम असा कीं, पाना उचलण्यापूर्वीं लक्षणें वाचावीं. सेल्फ मारतांना धुराड्याकडे पाहावें. धूर मुळींच निघत नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोंचत नाहीं असें समजावें. पांढरा धूर निघत असेल, तर डिझेल पोहोंचतें आहे पण पेटत नाहीं. मग थंडी, कमी झालेला दाब, चुकलेली वेळ किंवा डिझेलांतलें पाणी ह्यांचा विचार करावा. ओझ्याखालीं काळा धूर येत असेल, तर हवेच्या मानानें डिझेल अधिक होत आहे. तेथें प्रथम हवेची जाळी व तिच्या वाटींतलें तेल पाहावें. उभा असतां ट्रॅक्टर चांगला चालतो, पण नांगर लावला कीं धूर न काढतां दम सोडतो, हें उपासमारीचें लक्षण आहे. उभ्या इंजिनास डिझेल थोडेंच लागतें, तें अर्धवट बुजलेल्या वाटेनेंही पुरतें. नांगरास लागणारें पुरत नाहीं. पुष्कळ मनुष्यांचेंही असेंच असतें. सुखाच्या दिवसांत त्यांची उणीव दिसत नाहीं, आणि ओझें आलें कीं ते थांबतात. लोक म्हणतात, "हा कामाचा नाहीं." त्याला आजवर किती अन्न, किती झोंप, किती धीर पोहोंचत होता, हें कोणी विचारीत नाहीं.

दुसरा नियम असा कीं, जें जवळ आहे, फुकट आहे आणि उघडें आहे, तें प्रथम तपासावें. ट्रॅक्टर सपाट जागीं उभा करावा, चाकांस दगड लावावे, गिअर काढून ठेवावा. टाकींत डिझेल आहे काय? कांटा दाखवितो त्यावर न जातां काठी घालून पाहावें. कॉक पूर्ण उघडा आहे काय? इंजिन बंद करण्याची तार ओढलेलीच राहिली नाहीं ना? ती गंजून अडकली, तर पंप डिझेल सोडीतच नाहीं, आणि धनी तासभर सेल्फ मारून बॅटरी उतरवितो.

मग टाकीचें झाकण. त्याला हवा आंत जाण्यासाठीं बारीक छिद्र असतें. टाकींतून जितकें डिझेल बाहेर जातें तितकी हवा आंत आली पाहिजे. न आली तर टाकींत ओढ उत्पन्न होते आणि डिझेल वाहणें थांबतें. ह्या दोषाची खूण अशी: ट्रॅक्टर सुरू होतो, दहा-वीस मिनिटें चालतो, मग हळूहळू मरतो, थोडा वेळ उभा ठेविला कीं पुन्हा सुरू होतो. अशा वेळीं झाकण सैल करून पाहावें. सूं असा आवाज होऊन इंजिन सुधारलें, तर रोग सांपडला. एका खेड्यांतील गृहस्थ पंप दुरुस्तीच्या खर्चासाठीं घरांतले दागिने गहाण टाकण्याच्या बेतांत होते. त्यांच्या ट्रॅक्टरचा सारा दोष झाकणावर वाळलेल्या चिखलांत होता. तो एका काडीनें निघाला, आणि दागिने घरांत राहिले.

तिसरा नियम असा कीं, वाटेचा प्रत्येक तुकडा वेगळा तपासावा. टाकी वर आणि फीड पंप खालीं असेल, तर पंपाकडे येणारी नळी सोडून स्वच्छ बाटलींत धरावी आणि कॉक उघडावा. धार सलग व जोरकस आली, तर त्या मागची वाट निर्दोष आहे. धार बारीक होऊन थेंबांवर आली, तर अडथळा टाकींत, कॉकच्या जाळींत किंवा नळींत आहे. जुन्या रबरी नळ्या बाहेरून धडधाकट दिसतात, पण त्यांचा आंतला पापुद्रा सुटून पडद्यासारखा वाट अडवितो. अशी नळी बदलावीच. तोंडानें डिझेल ओढूं नये. तें छातींत गेलें तर जीव धोक्यांत येतो. सांडणारें डिझेल पातेल्यांत धरावें. तें जमिनीत किंवा ओढ्यांत जाऊं देऊं नये, आणि जवळ विडी अथवा उघडा दिवा नसावा.

बाटलींत धरलेलें डिझेल थोडा वेळ स्थिर ठेवावें. पाणी डिझेलपेक्षां जड, म्हणून तें तळाशीं बसतें आणि मधें रेघ दिसते. डिझेल व पाणी जेथें भेटतात तेथें सूक्ष्म जीव वाढतात, आणि काळा, बुळबुळीत गाळ धरतो. जाळी व फिल्टर त्यानें लवकर चोंदतात. हें पाणी कोठून येतें? उघड्या ठेविलेल्या कॅनमधून पावसाचें येतें. त्याहून अधिक चोरपावलांनीं तें हवेंतून येतें. टाकी अर्धी रिकामी ठेवून ट्रॅक्टर रात्रीं उभा केला, तर रिकाम्या जागेंतील ओलसर हवा थंड होऊन तिचे थेंब आंतल्या पत्र्यावर जमतात. म्हणून काम संपल्यावर संध्याकाळींच टाकी भरावी असें जाणते लोक सांगतात. रिकामी राहिलेली जागा रिकामी राहत नाहीं. प्रभूनेंही सोडून गेलेल्या व परत आलेल्या दुष्ट आत्म्याच्या दृष्टांतांत मोकळ्या घराविषयीं हीच धोक्याची सूचना दिली आहे.

आतां हवेचा दोष. आपल्याकडील मिस्त्री त्याला "एअर घेतली" असें म्हणतात. डिझेल दाबलें जात नाहीं, पण हवा दाबली जाते. म्हणून नळींत हवेचा बुडबुडा राहिला कीं पंपाचा सारा जोर तो बुडबुडा चेपण्यांत खर्च होतो आणि नोझल उघडत नाहीं. इंजिन डळमळतें, कधीं चढतें कधीं उतरतें, आणि शेवटीं बंद पडतें. येथें एक गोष्ट नीट ध्यानांत ठेवावी. फीड पंपाच्या पुढें जोड सैल असेल, तर डिझेल बाहेर ठिबकतें आणि दोष डोळ्यांस दिसतो. पण फीड पंपाच्या मागें, जेथें ओढ आहे तेथें, जोड सैल असला तर इंजिन चालत असतांना बाहेर एक थेंबही पडत नाहीं. उलट बाहेरची हवा गुपचूप आंत शिरते. नळी कोरडी, स्वच्छ दिसते, आणि रोग तेथेंच असतो. असे जोड एकेक करून घट्ट करावे, त्यांखालील तांब्याचीं चपटलेलीं वायसरें बदलावीं, आणि वाटीची रबरी कडी तडकली आहे काय तें पाहावें.

हवा काढण्याचा क्रम टाकीकडून नोझलकडे असतो. प्रथम फिल्टरच्या माथ्यावरील हवा काढण्याचा स्क्रू थोडा सैल करावा आणि फीड पंपावरील हाताचा दट्ट्या मारीत राहावें. आधीं फेंस येईल, मग बुडबुडे येतील, मग सलग डिझेल येईल. डिझेल वाहत असतांनाच स्क्रू आंवळावा, नाहींतर हवा पुन्हा ओढली जाते. मग दुसरा फिल्टर, मग मुख्य पंपावरील स्क्रू, ह्याच रीतीनें. शेवटीं नोझलांकडील पोलादी नळ्यांचीं नटें अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारावा, डिझेल दिसूं लागलें कीं आंवळावीं. ज्यानें फिल्टर बदलला आणि हवा काढली नाहीं, त्याचा नवा फिल्टर जुन्याहून वाईट वाटेल. कागदी फिल्टर धुवून पुन्हा घालूं नये. धुण्यानें कागद फाटतो, आणि जो कचरा अडवावयाचा तोच पुढें जातो.

येथें आम्ही हात जोडून एक इशारा देतों. नोझलमधून सुटणारा फवारा हवेच्या दाबाच्या दीडशेंहून अधिक पट जोराचा असतो. तो बोटाला लागला तर कातडें भेदून आंत शिरतो. बाहेर टांचणीच्या टोंकाएवढी खूण दिसते, दुखतही थोडेंच, आणि आंत मांस मरूं लागतें. असें झालें तर घरगुती उपाय न करितां त्याच घटकेस रुग्णालयांत जावें आणि काय झालें तें डॉक्टरांस स्पष्ट सांगावें. फवाऱ्यापुढें हात कधींही धरूं नये.

इतकें सारें निर्दोष ठरलें तरच नोझल आणि पंप ह्यांजकडे वळावें. इंजिन हळू चालू ठेवून एका वेळीं एका नोझलचें नट फडक्यानें झांकून पान्यानें किंचित् सैल करावें. चांगल्या सिलिंडरचें नट सैल केलें कीं इंजिनाचा आवाज बदलतो. ज्याचें सैल केल्यानें कांहींच फरक पडत नाहीं, तो सिलिंडर आधींच काम करीत नव्हता. त्याचा नोझल काढून तपासणीस न्यावा. मुख्य पंप मात्र घरीं उघडूं नये. त्यांतील दट्ट्या व त्याचें घर ह्यांमध्यें मिलिमीटरच्या दोन-तीन सहस्रांशांएवढीच फट असते, आणि डिझेल हेंच त्यांचें वंगण असतें. म्हणून रॉकेल मिसळलेलें स्वस्त डिझेल हें स्वस्त नसतें. जें आज वांचलें तें पंपाच्या झिजेंत व्याजासकट भरावें लागतें. पंप ज्यांच्याजवळ तपासण्याचें यंत्र आहे अशा जाणत्या मिस्त्रीकडेच न्यावा, आणि त्याची मजुरी आनंदानें द्यावी. पण त्याच्या दारीं जाण्याआधीं झाकण, कॉक, वाटी, नळी व फिल्टर हीं पाहून झालेलीं असावीं.

बंधूंनो व भगिनींनो, यंत्राविषयीं जी धीराची रीति आपण शिकतों, ती मनुष्याविषयीं आपण वापरतों काय? ट्रॅक्टर बंद पडला तर आपण चार दिवस वाट शोधूं, पण मुलगा शाळेंत नापास झाला तर एका घटकेंत म्हणतों, "ह्याचें डोकेंच नाहीं." त्याला फळा दिसतो काय, तो उपाशी जातो काय, घरांत रात्रीं भांडण चालतें तेव्हां त्याला झोंप लागते काय, हें कोणी पाहिलें? सून अबोल झाली तर तिचा स्वभाव वाईट ठरतो. माहेरचें पत्र येऊन किती दिवस झाले, आजारपणांत तिला औषध कोणीं आणिलें, तिच्याशीं चार गोड शब्द शेवटचे कधीं बोललों, हें पाहण्यास काडीएवढाही खर्च येत नाहीं. एखादी मंडळी थंड पडली म्हणजे लोक म्हणतात, ह्या गांवांत आत्मा उरला नाहीं. आधीं पाहा, कोणी त्यांच्या घरीं जातो काय? त्यांच्या दुःखाची वार्ता कोणापर्यंत पोहोंचते काय? प्रथम जवळचें, उघडें, फुकट असेल तें तपासा. मनुष्याचा मुख्य पंप उघडण्याची घाई करूं नका. त्याचें अंतःकरण देवाच्या हातचें काम आहे, आणि त्यांतील फट फार सूक्ष्म आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. मराठवाड्यांत नापिकीच्या व कर्जाच्या ओझ्याखालीं कित्येक शेतकऱ्यांनीं स्वतःचा जीव दिला, हें आपण सर्व जाणतों. त्यांच्या घरच्यांस विचारा, पुष्कळ घरीं उत्तर एकच मिळतें: "तो कांहीं बोलला नाहीं." ओढीच्या बाजूचा सैल जोड आठवा. बाहेर थेंब पडत नाहीं. मनुष्य रडत नाहीं, मागत नाहीं, शेतावर जातो, येतो, पारावर बसावयाचें सोडतो, जेवण अर्धें टाकून उठतो, आणि आंत निराशेची हवा शिरत राहते. त्याची नळी कोरडी दिसते म्हणून तो निर्दोष आहे असें समजूं नका. असा मनुष्य तुमच्या शेजारीं असेल, तर आजच त्याच्या बांधावर जा. त्याला उपदेश करूं नका. त्याच्याजवळ बसा आणि सरळ विचारा कीं, जीव नकोसा झाला आहे काय? असें विचारल्यानें कोणाच्या मनांत नवा विचार भरत नाहीं. उलट कोंडलेली हवा बाहेर येण्यास वाट मिळते. त्या रात्रीं त्याला एकटा सोडूं नका, फवारणीचीं औषधें त्याच्या हातापासून दूर ठेवा, आणि त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा. सरकारची टेलिमानस नांवाची सेवा आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर दूरध्वनि केला असतां तेथें रात्रंदिवस बोलणारें मनुष्य मिळतें. कर्जाचा कागद सावकाश पाहतां येईल. बुजलेली विहीर उपसण्यास लोक लागतात. एकट्याच्यानें ती माती निघत नाहीं. इसहाकासही चाकर होते.

आणि ज्या बंधूच्या स्वतःच्या मनांत असा विचार येतो, त्यालाही आम्ही सांगतों: तुझें इंजिन संपलें असें तुला वाटतें, पण तूं अजून वाट तपासली नाहींस. पाऊस चुकला, भाव पडला, कोणीं विश्वासघात केला, आजारपण आलें, ही सारी वरून पडलेली माती आहे. ती पुष्कळ आहे आणि जड आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु माती म्हणजे विहीर नव्हे. ज्यानें तुला उत्पन्न केलें त्यानें तुझ्यांत ठेविलेलें पाणी खालीं आहे. एका मनुष्याला हांक मार. तेवढें एकच काम आज कर.

हंगामाला अजून अवकाश आहे तोंवर आपण दोन कामें करावीं. पहिलें, टाकीचें झाकण स्वच्छ करावें, वाटींतलें पाणी सोडावें, टाकीच्या तळाचा गाळ काढावा, फिल्टर बदलून हवा काढावी, आणि डिझेलचा कॅन झांकून सावलींत ठेवावा. कॅनमधील डिझेल टाकींत ओततांना तें बारीक जाळींतून गाळावें, आणि तळचें दोन बोटें तसेंच राहूं द्यावें. दुसरें, ज्या मनुष्याविषयीं आपण "हा संपला" असें म्हणालों आहों, त्याच्याकडे एकदां रिकाम्या हातानें, दोष न देतां, जावें. गरारच्या खोऱ्यांत नवीन खणलेल्या दोन विहिरींवरून तंटे झाले, तरी इसहाक थांबला नाहीं. तिसऱ्या विहिरीपाशीं त्याला मोकळी जागा मिळाली. माती काढणाऱ्याच्या वाट्याला तंटे येतात, हात काळे होतात, आणि कधीं पहिल्या प्रयत्नांत यश येत नाहीं. तरी दयाळू देव आपणां सर्वांस माती काढण्याचा धीर देवो, बुजलेलें व आटलेलें ह्यांतला भेद दाखवो, आणि ज्या विहिरींचीं नांवें आपण विसरलों आहों त्यांस तीं पुन्हा देण्यास आपणांस शिकवो. आमेन.